आधी कागद, मग किल्ली
(रेडिओवरून झालेले बोलणे, वाचकांसाठी थोडे वाढवून)

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, गणपतीची धावपळ सरली, की मालवणात एकच चौकशी सुरू होते. "खोली आसा काय गो भाड्याक?" बाजारात, जेटीवर, एसटी स्टँडवर कोणी ना कोणी विचारतच असते. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींकडे पडवीला लागून एखादी खोली आहे, वर माळा चढवलेला आहे, नाहीतर मुंबईला असलेल्या दिराचे बंद घर सांभाळायला आहे. त्या खोलीचे भाडे म्हणजे घरात येणारा ठरावीक पैसा. गटाचा हप्ता त्यातून जातो, मुलीची फी त्यातून जाते. म्हणून आज या भाड्याविषयी आणि त्याच्या कागदांविषयी बोलायचे आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. खोली देताना आपण भाडेकरूचा चेहरा बघतो, त्याचे गाव विचारतो, आगाऊ रक्कम मोजून घेतो आणि किल्ली हातात देतो. कागद मात्र "मगे बघूया" म्हणून राहतो. क्रम उलटा हवा. आधी कागद, मग किल्ली. का, ते आता सांगते.

खोली कोणाला हवी आहे?

भाड्याने घेणारे सगळे सारखे नसतात. मालवणात साधारण तीन तऱ्हेची माणसे खोली शोधतात.

पहिली, वर्षभर राहणारी. तंत्रनिकेतनात आणि कॉलेजात शिकायला आलेली मुले-मुली, बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, नर्स, एसटीचे चालक-वाहक. यांना एक खोली, स्वयंपाकाला जागा, संडास-बाथरूम आणि पाणी एवढे हवे असते. भाडे कमी देतील, पण महिन्याच्या महिन्याला देतील. शिकणाऱ्यांची मागणी जून-जुलैत येते, बदलीवाल्यांचीही साधारण त्याच सुमारास. त्यामुळे या भाडेकरूंसाठी खोली मे महिन्यातच रंगवून तयार ठेवावी लागते.

दुसरी, हंगामी काम करणारी. बोटीवरचे खलाशी, हॉटेलातले आचारी आणि वेटर, स्कूबा आणि पाण्यातल्या खेळांवर काम करणारी पोरे. हे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात आणि मे अखेर जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, किल्ल्याची होडीवाहतूकही पावसात थांबते, त्यामुळे त्यांचे काम थांबते. एका खोलीत चार-पाच जण राहतात. भाडे बरे येते, पण पाणी, वीज आणि खोलीची झीज जास्त.

तिसरे, पर्यटक. दिवाळीची सुट्टी, डिसेंबरची अखेर आणि मे महिना. मधे चिवल्याच्या किनाऱ्यावर पोहण्याच्या स्पर्धा असतात तेव्हा, आणि आंगणेवाडीची जत्रा असते तेव्हा, मालवणात झोपायला जागा मिळत नाही. एका रात्रीला जे पैसे मिळतात ते ऐकून आपल्याला वाटते, महिन्याचा भाडेकरू कशाला ठेवायचा?

म्हणून हिशेब मांडून बघूया. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. तुमच्या खोलीचे तुम्ही घाला. समजा महिन्याचा भाडेकरू ४,००० रुपये देतो. अकरा महिन्यांचे झाले ४४,०००. तुमचा खर्च म्हणजे वर्षातून एकदा रंग आणि किरकोळ दुरुस्ती. आता तीच खोली पर्यटकांना रात्रीला १,२०० रुपयांनी दिली आणि वर्षात ५० रात्री भरल्या, तर ६०,००० आले. पण चादरी, धुणे, गॅस, वीज, साफसफाई, गिऱ्हाईक आणणाऱ्याचे कमिशन यांत वीस हजार सहज जातात. उरले ४०,०००. शिवाय पाहुणा आला की त्या दिवशी तुम्ही घर सोडून कुठे जाऊ शकत नाही. तीस रात्रीच भरल्या तर हातात काय राहील, ते घरी वहीवर करून बघा. ज्यांच्या घरात दोन-तीन माणसे हाताखाली आहेत आणि घर किनाऱ्याजवळ आहे, त्यांना पर्यटक परवडतात. जी बाई एकटी आहे, जिचे घर बाजारपेठेच्या किंवा कॉलेजच्या बाजूला आहे, तिला महिन्याचा भाडेकरूच बरा.

हे आधी ठरवणे गरजेचे आहे, कारण दोघांचे कागद वेगळे आहेत. महिन्याच्या भाडेकरूशी करार करून तो नोंदवायचा असतो. पर्यटकाशी करार नसतो, पण घराची नोंदणी पर्यटन खात्याकडे करायची असते. दोन्ही एकाच कागदात बसत नाहीत. आधी महिन्याच्या भाडेकरूचे बघू.

अकरा महिन्यांचा गैरसमज

गटाच्या बैठकीत भाड्याचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, "अकरा महिन्यांचो कागद केलो काय झाला. नोंदणी कित्याक व्हयी?" हा समज कुठून आला तेही सांगते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, असे आहे. त्यातून वाट काढायला लोक अकरा महिन्यांचा कागद करू लागले. स्टॅम्पपेपर आणला, टाईप केला, नोटरीचा शिक्का मारला, झाले.

पण महाराष्ट्रात आपला वेगळा कायदा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचे कलम ५५ सांगते की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा कोणताही करार लेखी असला पाहिजे आणि तो नोंदवलेला असला पाहिजे. मुदत अकरा महिने असो की सहा महिने, सूट नाही. आणि नोंदवण्याची जबाबदारी भाडेकरूची नसून घरमालकाची आहे. नोंदवला नाही आणि गुन्हा सिद्ध झाला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दंडापेक्षाही मोठी गोष्ट याच कलमात पुढे आहे. नोंदवलेला लेखी करार नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते. ते खोटे आहे हे सिद्ध करायचे ओझे आपल्यावर येते. भाडेकरू म्हणाला, "भाडे दोन हजारच ठरले होते." म्हणाला, "मला पाच वर्षांसाठी खोली दिली आहे." म्हणाला, "आगाऊ रक्कम पन्नास हजार दिली होती." तर पुरावा तुम्ही शोधायचा. तोंडी बोलणे कोण ऐकणार? शेजारीण साक्ष द्यायला कोर्टात किती वेळा येणार?

आपल्याच भागातल्या एका काकूंचे असे झाले. भाडेकरू सज्जन, दोन वर्षे वेळेवर भाडे देणारा. कागद नोटरीचा, तोही पहिल्या वर्षाचा, पुढे नवा केलाच नाही. मुलाचे लग्न ठरले, खोली हवी झाली, तेव्हा तो म्हणाला, "मी जाणार नाही, मला कायमचे सांगितले होते." शेवटी गावातल्या चार माणसांनी मधे पडून, काकूंनीच त्याला पैसे देऊन, खोली मोकळी केली. घर स्वतःचे, आणि ते परत मिळवायला पैसे मोजले. दोघांपैकी कोणी लबाड होते असेही मी म्हणत नाही. नोंदवलेला कागद असता तर हा वादच उभा राहिला नसता.

लिव्ह अँड लायसन्स म्हणजे काय?

हे नाव इंग्रजी असले तरी आता सगळ्यांच्या तोंडी आहे. साध्या शब्दांत सांगायचे तर, मी तुला माझ्या घरात ठरावीक काळ राहण्याची परवानगी देते, घरावर हक्क देत नाही. भाडेपट्ट्यात जागेवर भाडेकरूचा काही हक्क निर्माण होतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये तसा होत नाही. मुदत संपली की परवानगी संपली. म्हणून घरगुती खोल्यांसाठी हाच करार करतात. तो जास्तीत जास्त साठ महिन्यांपर्यंत करता येतो, पण आपल्याला अकरा महिनेच सोयीचे. दर वर्षी भाडे बघता येते, माणूस बघता येतो.

करार कसा नोंदवायचा?

दोन वाटा आहेत. एक, तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दोघांनी जाऊन. दुसरी, ऑनलाइन. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर करार भरता येतो, शुल्क तिथेच भरता येते आणि आधारशी जोडलेल्या यंत्रावर अंगठा आणि फोटो देऊन सही होते. अंगठ्याचे यंत्र आपल्याकडे नसते, म्हणून हे काम करून देणाऱ्या अधिकृत सेवा केंद्रात जायचे. तिथे जाण्याआधी "शासनाचे शुल्क किती आणि तुमची फी किती" हे दोन वेगळे आकडे विचारा. एकत्र सांगितले तर कागदावर वेगळे लिहून मागा.

सोबत काय न्यायचे? मालकाचे आणि भाडेकरूचे आधार कार्ड आणि पॅन कार्ड, दोन साक्षीदार आणि त्यांची आधार कार्डे, घराचा असेसमेंट उतारा किंवा मिळकत पत्रिका, ताजी घरपट्टीची पावती आणि वीजबिल. भाडे, आगाऊ रक्कम, मुदत आणि खोलीचे वर्णन कागदावर लिहून न्या, म्हणजे तिथे घाई होत नाही.

खर्चाची भीती सगळ्यात जास्त असते, म्हणून तोही मोजू. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे शंभराला चार आणे. ते कशावर? पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, आणि परत द्यायच्या आगाऊ रकमेवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून त्या व्याजावर. आपल्या उदाहरणात भाडे ४४,०००. आगाऊ रक्कम १०,००० असेल तर तिचे व्याज १,०००. एकूण ४५,०००. त्याचा पाव टक्का ११२ रुपये ५० पैसे. प्रत्यक्ष भरताना रक्कम थोडी वरच्या आकड्यात पूर्ण होऊ शकते. नोंदणी शुल्क मालवण नगरपरिषदेच्या हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत ५०० रुपये. म्हणजे तारकर्ली, देवबाग, वायरीकडच्या मैत्रिणींना ५००. वर कागद हाताळणीचे थोडे शुल्क आणि केंद्राची फी. म्हणजे अर्ध्या महिन्याच्या भाड्याच्या आसपास खर्चात वर्षभराची काळजी मिटते. हा खर्च कोणी करायचा, निम्मा-निम्मा की एकाने, हे आधी बोलून घ्या. नोंदवायची जबाबदारी मात्र मालकाचीच राहते.

घर कोणाच्या नावावर आहे?

कोकणात खरी अडचण इथे येते. घरात राहते ती बाई, खोली झाडते ती बाई, भाडेकरूला पाणी सोडते ती बाई. पण उताऱ्यावर नाव सासऱ्यांचे, ते वारून पंधरा वर्षे झाली. किंवा चार भावांची सामाईक नावे, तीन भाऊ मुंबईला. अशा वेळी करार कोण करणार?

पहिली पायरी म्हणजे उतारा काढून बघणे. गावात असाल तर ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा, शहरात असाल तर नगरपरिषदेतून. एक लक्षात ठेवा, हा उतारा कर आकारणीचा असतो. जागेच्या मालकीसाठी सातबारा किंवा मिळकत पत्रिकाही बघावी लागते. नवरा वारला असेल तर वारस नोंदीचा अर्ज करा. पत्नी, मुलगे आणि मुली, आणि सासू हयात असेल तर तीही, या सगळ्यांचा हिंदू वारसा कायद्याने सारखा वाटा असतो. "मुलगे आसत, बायलेचा नाव कित्याक" असे कोणी म्हटले तर गप्प बसू नका. माविमच्या गटांनी 'घर दोघांचे' ही मोहीम चालवली ती याचसाठी. नवरा हयात असतानाच घरावर दोघांची नावे लावून घेतली तर पुढचा त्रास वाचतो.

घर सामाईक असेल तर दोन मार्ग आहेत. सगळ्या हिस्सेदारांनी करारात मालक म्हणून सही करायची. ऑनलाइन नोंदणीत मुंबईचा दीर तिथल्या केंद्रात अंगठा देऊ शकतो, त्याला गावी यायची गरज नाही. किंवा त्यांनी तुम्हाला कुलमुखत्यारपत्र द्यायचे, त्यात "खोली भाड्याने देणे, भाडे घेणे, करार नोंदवणे" हे स्पष्ट लिहायचे. आणि भाड्याचे पैसे कसे वाटायचे तेही एका कागदावर लिहून ठेवा. घर सांभाळते, दुरुस्ती करते, घरपट्टी भरते ती बाई, तिचा वाटा त्याप्रमाणे ठरला पाहिजे. गणपतीला सगळे एकत्र येतात तेव्हाच हा विषय काढा. नंतर फोनवर हे बोलणे निघाले की गोडव्याने संपत नाही.

करारात काय लिहून घ्यायचे?

तयार नमुन्यात बरेच काही असते, पण आपल्या घरच्या गोष्टी त्यात नसतात. त्या आपण सांगून घालायच्या.

भाडे किती आणि कोणत्या तारखेला द्यायचे. आगाऊ रक्कम किती, आणि खोली सोडल्यावर किती दिवसांत परत करायची. त्यातून काय कापता येईल. वीज वेगळ्या मीटरवर की उपमीटरवर, आणि युनिटमागे किती. पाणी कुठल्या वेळेत, कारण एप्रिल-मे मध्ये विहिरीला पाणी कमी होते आणि भांडणे तिथूनच सुरू होतात. खोलीत जास्तीत जास्त किती माणसे राहतील. खलाशांना किंवा हॉटेल कामगारांना खोली देताना ही अट फार महत्त्वाची आहे. खोली दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. मासळी सुकवायची किंवा जाळी ठेवायची असेल तर कुठे. मुदतीआधी सोडायची असेल तर दोघांनी किती दिवसांची सूचना द्यायची. पंखा, दिवे, कॉट, नळ यांची यादी शेवटी जोडायची.

हे सगळे भाडेकरूच्या बाजूनेही चांगले आहे, हे त्याला सांगा. शिकायला आलेल्या मुलीच्या आईवडिलांना नोंदवलेला करार दिसला की त्यांनाही धीर येतो. बँकेत, गॅससाठी, पत्त्याचा पुरावा म्हणून तो त्याला चालतो.

भाडे घेतले की पावती द्यायची. तीही कायद्याने द्यावीच लागते. रोख घेत असाल तर पावती पुस्तक ठेवा. खात्यावर घेत असाल तर तुमच्या स्वतःच्या खात्यावर घ्या, मुलाच्या किंवा दिराच्या नाही. आयकराचा विषय निघतो म्हणून सांगते. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. आपल्यापैकी बऱ्याच जणींचे एकूण उत्पन्न करपात्र होतच नाही, म्हणून खात्यावर पैसे घ्यायला घाबरायचे कारण नाही. उलट पुढे कर्ज काढताना ते उत्पन्न दाखवता येते.

पोलिसांना माहिती

करार झाला की भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची. नाव, मूळ पत्ता, फोटो, आधारची प्रत, कुठे काम करतो ते. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही ही माहिती भरता येते. ठाण्यात दिलीत तर पोच घ्या आणि करारासोबत ठेवा. किनारपट्टीचा भाग म्हणून या माहितीला आपल्याकडे जास्त महत्त्व आहे. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला खोली द्यायची नाही, असा याचा अर्थ नाही. कष्टाची माणसे आहेत ती. माहिती दिली की ती निर्धास्त राहतात आणि आपणही.

मोबाईलवर खोलीची जाहिरात टाकणाऱ्यांना एक इशारा. "मी सैन्यात आहे, खोली न बघता आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करा" असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपल्या खात्यातले जातात.

पर्यटकांना खोली द्यायची असेल तर

आता ज्यांनी पर्यटकांचे ठरवले त्यांच्यासाठी. आपण स्वतः राहतो त्याच घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि नाश्ता द्यायचा, यासाठी शासनाची 'निवास व न्याहारी' योजना आहे. पर्यटन संचालनालयाकडे घराची नोंदणी होते. घर, स्वच्छता, संडास-बाथरूम बघितले जाते. नोंदणी असली की बँकेत आणि पाहुण्यांपुढे आपले घर अधिकृत ठरते.

२०२३ मध्ये राज्याने 'आई' नावाचे महिलांसाठीचे पर्यटन धोरण आणले. पर्यटनाचा व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदवलेला असेल, तर १५ लाख रुपयांपर्यंतच्या बँक कर्जावरचे व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, शासन परत देते. सात वर्षे किंवा साडेचार लाख रुपये, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत. कर्जाचा हप्ता आधी वेळेवर आपणच भरायचा, मग व्याज परत मिळते, हे नीट समजून घ्या. आणि पुन्हा तोच मुद्दा, मालकी बाईची हवी. कागदावर नाव नसेल तर योजना दारावरून परत जाते.

पाहुण्यांची नोंदवही ठेवा, ओळखपत्राची प्रत घ्या. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरावी लागते. त्यात चालढकल नको. जेवण विकणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करा.

किनाऱ्याला लागून घर असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवायचे. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्याला किनारा नियमनाचे नियम लागतात. ग्रामीण किनाऱ्यावर स्थानिकांना आहे त्या घरात, घराचा चौथरा आणि रूप न बदलता, पाहुणे ठेवायला वाव दिला आहे. पण कर्ज काढून वाळूवर नव्या खोल्या बांधल्या आणि परवानगी नसेल, तर त्या पाडायची नोटीस येते आणि कर्ज तसेच राहते. बांधायच्या आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

मुदत संपली आणि खोली सोडली नाही तर?

नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल तर त्याच भाडे कायद्याचे कलम २४ आपल्या मदतीला येते. राहण्यासाठी दिलेली खोली मुदत संपल्यावर सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा धरला जातो. भाडेकरूला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत आपली बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. आणि मुदतीनंतर तो जितके दिवस राहील तितके दिवस ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. साध्या दिवाणी दाव्यापेक्षा ही वाट सोपी आहे, पण ती कागदावरच उभी आहे.

हे मात्र करू नका. रागाच्या भरात पाणी बंद करणे, वीज तोडणे, सामान अंगणात काढणे, कुलूप बदलणे. योग्य कारणाशिवाय पाणी-वीज तोडणे हा कायद्याने गुन्हा आहे. आपण बरोबर असलो तरी त्या एका दिवसाने चूक आपल्याकडे येते. मुदत संपायच्या महिनाभर आधी लेखी सूचना द्या, तिची पोच घ्या. पुढे ठेवायचे असेल तर नवा करार करून तोही नोंदवा. जुना कागद आपोआप पुढे चालत नाही. त्या काकूंचे घोडे इथेच अडले होते.

पुढच्या बैठकीसाठी

आता गटाने काय करायचे? पुढच्या बैठकीत, हप्ते गोळा झाल्यावर, अर्धा तास यासाठी ठेवा. ज्यांच्याकडे भाड्याची खोली आहे त्यांनी पाच गोष्टी आणाव्यात: घराचा उतारा, घरपट्टीची पावती, असेल तो भाड्याचा कागद, भाडेकरूच्या आधारची प्रत आणि पोलीस ठाण्याची पोच. एकेक कागद वाचून बघा. उताऱ्यावर नाव कोणाचे? कराराला नोंदणी क्रमांक आहे का, की फक्त नोटरीचा शिक्का? मुदत कधी संपते? ज्यांचे अपुरे आहे त्यांची यादी करा आणि चार-पाच जणींनी मिळून एकाच दिवशी सेवा केंद्रात जा. एकटीला संकोच वाटतो, पाच जणी असल्या की फीसुद्धा बोलून कमी होते. ज्यांना नोंदणीचा खर्च एकदम जड वाटतो, त्यांनी गटातून छोटे कर्ज घ्यावे. पहिल्या महिन्याच्या भाड्यातच ते फिटेल.

कराराच्या तीन प्रती ठेवा. एक आपल्याकडे, एक भाडेकरूकडे, एक लेकीकडे किंवा बहिणीकडे. आणि मुदत संपायची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहा, गॅसच्या तारखेशेजारीच. नव्या भाडेकरूचे सामान टेम्पोतून उतरत असेल, तो "ताई, किल्ली द्या" म्हणत असेल, तरी हसून सांगा, "देतंय हां, पयली सही करूया."